आधी पॉझिटिव्ह होऊ, मग लोकांत मिसळू: हा क्रमच उलटा लावून बघ

तुझं वय २४ लिहिलंयस म्हणून सरळ अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी पुण्यात समुपदेशन करते आणि नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली पंचविशीच्या आसपासची मुलंमुली माझ्याकडे भरपूर येतात, त्यामुळे तुझं वाचताना बरंचसं ओळखीचं वाटलं. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणारा हा मुलगा मूळचा लातूर जिल्ह्यातला, वर्ष झालं हिंजवडीत नोकरीला, वाकडला कॉट बेसिसवर राहतो. ऑफिसात जेवताना काय बोलावं सुचत नाही म्हणून हल्ली डबा डेस्कवरच उरकतो, रूमवर आलं की मोबाईल, शनिवार-रविवार लोळण्यात. गावी असताना असा नव्हता म्हणतो. कुठल्याशा व्हिडिओत बघून रोज सकाळी आरशासमोर 'मी आत्मविश्वासू आहे, मी सगळ्यांना आवडतो' असं म्हणतो आणि त्याने उलट चिडचिड होते. प्लॅन असा की आधी मनाने पॉझिटिव्ह व्हायचं, मग सोशल स्किल्स शिकायचे, आणि मग लोकांत जायचं. प्रश्न तीन: पॉझिटिव्ह राहायला रोजची कारणं कुठून आणू, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा कोर्स लावू का, आणि नाहीच जमलं तर नोकरी सोडून गावी जाऊ का.

तुझ्या सगळ्या लिहिण्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस, 'गावी मी असा नव्हतो'. अरे मग स्किल नाही असं कसं म्हणायचं? पारावर दोन-दोन तास बसणारा, चुलतभावांची फिरकी घेणारा मुलगा एसटीत बसून पुण्याला येईपर्यंत बोलायचं विसरला का? गावात तुला बोलणं सुरू करायची वेळच कधी आली नाही. तू कुणाचा कोण, शेत कुठं, भाऊ काय करतो हे समोरच्याला आधीच माहीत. जाऊन बसलं की झालं, गप्पा आधीपासून चालूच असायच्या, तू त्यात नुसता शिरायचास, आणि गप्प बसलास तरी कुणी विचारायचं नाही की हा बोलत का नाही. शिवाय तीच माणसं उद्या, परवा, सप्त्याला, कुणाच्या तरी लग्नात पुन्हा भेटणारच. पुण्यात यातलं एकही आयतं मिळत नाही. इथे ओळख शून्यापासून करावी लागते आणि तीच तीच माणसं पुन्हा भेटतील अशी सोय आपली आपण करावी लागते. ही दोन कामं तू आयुष्यात पहिल्यांदा करतोयस, त्यामुळे अवघड जाणारच.

यात वेळेचा हिशोबही आहे, तो मुलांना सांगितला की त्यांना जरा हायसं वाटतं. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नवीन गावी राहायला गेलेल्या लोकांचा आणि कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, २०१८ ला तो छापून आला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणण्याइतपत व्हायला ९० च्या आसपास आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आकडे तिकडचे आहेत, शब्दशः धरू नकोस, पण अंदाज बघ. रोज अर्धा तास टेबलावर बसून जेवलास तर आठवड्याचे अडीच तास, म्हणजे ५० तास भरायला २० आठवडे, जवळपास पाच महिने. आणि नुसतं शेजारी बसून काम केलेल्या तासांचा मैत्रीला तितकासा उपयोग होत नाही हेही त्यांना दिसलं. म्हणजे वर्षभर एकाच क्यूबिकलमध्ये बसूनही तुझे कुणाबरोबरचे ५० तास भरलेलेच नसणार. यात तुझा स्वभाव वगैरे काढायची गरज नाही, तास भरलेले नाहीत एवढंच.

आता आरशाचं. ते उद्यापासून बंद कर, मनापासून सांगते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालचं आहे त्यांना असली वाक्यं म्हणायला लावली तर त्यांना बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. कारण साधं आहे, तू 'मी सगळ्यांना आवडतो' म्हणालास की आतून लगेच कुणीतरी विचारतं, 'हो का? मग काल जेवायला कुणी बोलावलं?' आणि त्या वादात रोज सकाळी तूच हरतोस, तेही ऑफिसला निघायच्या आधी. चिडचिड होणार नाही तर काय.

आता क्रमाबद्दल, माझं मुख्य म्हणणं तेच आहे. तुला वाटतंय मन आधी ठीक होईल, मग पाय बाहेर पडतील. रोजच्या कामात मला बहुतेक वेळा उलटंच दिसतं, पाय आधी बाहेर पडतात आणि मन कुरकुरत मागून येतं. उदासीवर काम करणारे पीटर लेविन्सन १९७० च्या दशकात हेच सांगत होते: माणूस उदास झाला की गोष्टी टाळतो, टाळल्या की बरं वाटायचे प्रसंगच कमी होतात, प्रसंग कमी झाले की आणखी उदास. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तर बरं वाटेल अशा ३२० साध्यासुध्या गोष्टींची यादीच केली होती, उपचारात वापरायला. मी तुला ३२० सांगत नाही, पण तुझ्या शनिवार-रविवारात सध्या किती आहेत ते मोज. मोबाईल त्यात मोजायचा नाही.

मी वहीत चार रकाने आखायला सांगते. काय करणार, करायच्या आधी मूड दहापैकी किती, केल्यावर किती, आणि सोबत कोण होतं. मूड चांगला असेल तेव्हा करायचं अशी अट नाही, ठरलेल्या वेळी करायचं आणि आकडा लिहायचा. दोन-तीन आठवड्यांनी वही बघितली की पोरंच मला सांगतात की मॅडम, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यात फरक पडतोय, आणि चौथा रकाना रिकामा असला की कमी पडतोय. माझं भाषण ऐकून पटत नाही ते स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पटतं.

पण टेबलावर जाऊन बसलं तरी बोलणार काय, हे तुझं खरं दुखणं. इथे थोडं समजून घे की जेवताना तुझं लक्ष कुठे असतं. तू लिहिलंयस की समोरचा बोलत असताना तू पुढचं वाक्य मनात जुळवत असतोस, ते हिंदीत नीट येईल का बघत असतोस, हात कुठे ठेवू, जास्त गप्प वाटतोय का. म्हणजे सगळा वेळ तू स्वतःकडेच बघतोयस, समोरच्याने काय सांगितलं ते कानावरून गेलं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांत वावरायच्या भीतीबद्दल जे मांडलं त्यात हीच गोष्ट मध्यभागी आहे, आतल्या बाजूला वळलेलं लक्ष, आणि त्याच्या जोडीला भीती वाटू नये म्हणून केलेल्या पळवाटा. तुझ्या पळवाटा तूच लिहिल्यास: कानात इअरफोन, हातात मोबाईल, भराभर जेवून उठणं. त्या क्षणी बरं वाटतं पण समोरच्याला त्याचा अर्थ दिसतो की याला बोलायचं नाहीये, आणि तो सज्जनपणे तुला तुझ्यावर सोडून देतो. मग तू म्हणतोस कुणी बोलत नाही.

भाषेवरून हसले तेही लिहिलंयस, 'काय करायलास' म्हणालास आणि दोघं हसले. लागतं, मान्य. पण त्यानंतर तू आठ महिने तोंड मिटून बसलास हे जास्त महाग पडलं. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांनी शर्टावर कोण आहे ते बघितलं असणार, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. हसणारे ते दोघं संध्याकाळपर्यंत विसरलेसुद्धा असतील. (आणि विसरले नसतील, रोज टोमणे मारत असतील, तर तो प्रॉब्लेम तुझा नाही, तिथे दुसऱ्या टेबलावर बस. काही टीम खरंच वाईट असतात, त्या सुधारायची जबाबदारी तुझी नाही.)

जेवणाच्या टेबलावरचा एक नमुना देते. सोमवारी कुणीतरी विचारतं, 'वीकेंडला काय केलं?' तू म्हणतोस, 'काही विशेष नाही.' झालं, समोरच्याला धरायला काहीच उरलं नाही, तो भाजीकडे बघतो, तू डाळीकडे. आता हेच असं म्हणून बघ, 'काही नाही यार, झोपलो, आणि रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद असते ना, तर मॅगीवर भागवलं. तुम्ही लोक रविवारी रात्री कुठे जेवता?' तुझं आयुष्य तेच आहे, काही वाढवून सांगितलेलं नाही, पण उत्तराला शेपूट ठेवलंस. आता कुणी मेसची नावं सांगेल, कुणी म्हणेल मी तर घरीच खिचडी टाकतो, कुणी दक्षिणेकडचा असेल तो त्याच्याकडची भाताची गोष्ट काढेल. पुण्यात एकटं राहणाऱ्या प्रत्येकाला रविवारच्या रात्रीचं दुःख आहे, विषय पडत नाही. हिंदी मोडकी असली तरी चालते, टेबलावर बसलेल्या निम्म्यांची असतेच.

दुसरी युक्ती याहून चांगली आहे आणि तिला बोलकेपणा लागतच नाही, लक्षात ठेवायचं. शुक्रवारी कुणी म्हणालं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तर मंगळवारी विचार, 'आईंचं कसं झालं?' बास. कमी बोलणारी माणसं यात खरं तर पुढे असतात, पण लक्ष आतल्या वाक्याकडे असेल तर ऑपरेशन ऐकूच येत नाही.

आणि बोलून झाल्यावर जागेवर परत येऊन 'मी किती वेडपट बोललो' ही उजळणी तू करणारच, सगळेच करतात. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना गप्पा मारायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, तर समोरच्याला आपण जितके आवडलो असं बहुतेकांना वाटत होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते जास्त आवडले होते. हॉस्टेलला एकत्र राहणाऱ्या नव्या मुलामुलींत हा गैरसमज कित्येक महिने टिकला. त्यामुळे तुझी ती उजळणी पुरावा म्हणून मी धरत नाही.

टेबलावर थेट जायची हिंमत होत नसेल तर त्याच्या आधीची पायरी आहे. चहाची टपरी, मेसच्या काकू, सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला. इथे दोन वाक्यांच्या पुढे काही अपेक्षित नसतं आणि फसलं तरी काही बिघडत नाही. कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाशी हसून दोन शब्द बोललेल्या गिऱ्हाइकांना, पटकन कप घेऊन निघालेल्यांपेक्षा जास्त बरं वाटलं, असं जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवलंय, आपल्या टपरीवर काही वेगळं होत नसावं. रोज एकाच टपरीवर जा, हे महत्त्वाचं. चार ठिकाणी फिरलास तर चारही ठिकाणी अनोळखीच राहशील.

भीती घालवायला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं यावर अल्बर्ट एलिसची गोष्ट मी सांगतेच. कि. मो. फडके यांनी ज्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत मराठीत रुजवली ते एलिस. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायची प्रचंड भीती, म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचे, बाकावर बसलेल्या बाईशेजारी बसायचं आणि मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची असा नियम. ते स्वतःच सांगायचे की शंभर जणींशी बोलले, त्यातून एकच डेट ठरली आणि ती मुलगीही आली नाही. पण भीती गेली. आता तू सारसबागेत जाऊन हे करू नकोस, मार खाशील आणि ते योग्यच होईल, कुठल्याही बाईला एकटीला गाठून सराव करायचा नाही. घ्यायचं ते इतकंच की निकाल शून्य लागला तरी त्यांचं काम झालं होतं.

ओघात एक सांगते, तू लिहिलेलं नाहीस पण पुष्कळ जण करतात म्हणून. टीमच्या पार्टीत दोन पेग झाले की मी मोकळा होतो, असं. तो मोकळेपणा सोमवारी टेबलावर येत नाही आणि प्यायल्याशिवाय आपल्याला जमत नाही हे मात्र पक्कं होऊन बसतं. पार्टीला जा, हातात सोडा धर.

कोर्सबद्दल. दर आठवड्याला तेच दहा-पंधरा लोक भेटणार असतील आणि प्रत्येकाला बोलायची पाळी येणार असेल तर लाव, टोस्टमास्टर्सचे क्लब पुण्यात आहेत, तिथे असंच चालतं, पण तो सराव मुख्यतः चारचौघांपुढे उभं राहून बोलण्याचा. दोन दिवस एसी हॉलमध्ये बसवून टाळ्या वाजवून घेणाऱ्या शिबिराला पैसे देऊ नकोस, बुधवारपर्यंत उतरतं.

माझं मत विचारशील तर कोर्सपेक्षा ढोल-ताशा पथक. हसू नकोस. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी, मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी सराव चालतो, नवीन मुलामुलींना घेतात, आणि तिथे बोलता येणं ही अटच नाही, ढोल वाजत असताना कुणाला ऐकूही जात नाही. पण ढोल ताणायला दुसऱ्याचा हात लागतो, हात सुजले की कोण काय लावतं ते विचारावं लागतं, सराव संपला की वडापावच्या गाडीवर थांबणं होतं. महिन्याभरात तुझे ५० तास कुठल्या कुठे भरतात, आणि 'काय करायलास' ऐकून कुणी हसलं तर तू पण त्याच्या ठेक्यावर हसतोस. आवाजाचा त्रास होत असेल, किंवा ऑफिसची वेळ जमत नसेल, तर रविवारी सकाळी टेकडी, ठरावीक ग्रुपबरोबर किल्ले, क्रिकेट, काहीही चालेल. तीन गोष्टी बघ: दर आठवड्याला तीच माणसं, हाताला काम, आणि मध्ये मध्ये रिकामा वेळ. जिममध्ये पहिल्या दोन आहेत पण सगळे कानात इअरफोन घालून असतात म्हणून तिचा तितका उपयोग होत नाही.

मग पॉझिटिव्ह राहायला रोजची कारणं कुठून आणू, हे तू विचारलंस. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेला एक सोपा उपाय आहे, आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या गेलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येक गोष्ट का घडली ते लिहायचं. लोक पहिला भाग करतात, दुसरा सोडतात. माझ्यामते औषध दुसऱ्या भागात आहे. 'जेवण बरं होतं' यात काही नाही. 'आज भाकरी गरम मिळाली, कारण काकूंना माहितीये मी नऊला येतो म्हणून त्यांनी शेवटची थांबवून ठेवली होती', यात एक माणूस आहे ज्याच्या लक्षात तू आहेस. 'का' लिहायला बसलं की बऱ्याचदा कुणीतरी माणूसच निघतो. आणि नाही निघाला तर उद्या काय करायचं ते कळतं. रोज नको, आठवड्यातून दोनदा लिहिलंस तरी चालेल, नाहीतर त्याचीही हजेरी होते.

आईचा रोज रात्री फोन येतो आणि तू 'हो, जेवलो, बरंय' म्हणून ठेवतोस. तिथेच सुरुवात कर. वहीतल्या तीनपैकी एक गोष्ट तिला सांग. तिच्यासमोर चुकायची भीती नाही, आणि दिवसातला एक प्रसंग नीट सांगायची सवय लागते, तीच पुढे टेबलावर कामी येते.

हे सगळं कुणाला लागू नाही तेही सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतंय, झोप किंवा भूक बिघडलीये, आवडणाऱ्या गोष्टीतही मन लागत नाही, किंवा जगून काय करायचं असे विचार येतायत, तर पथक आणि वही बाजूला ठेव, आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठ. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लोकांसमोर जाताना छाती धडधडून, घाम फुटून पळूनच जावं लागतं असं असेल तर एकट्याने पायऱ्या चढत बसू नकोस, त्यावर चांगले उपचार आहेत. काही जण लहानपणापासूनच लोकांचे इशारे, टोन पकडण्यात अडखळतात, त्यांना माझी 'लक्ष बाहेर ठेव' ही सूचना अपुरी पडते. मुली वाचत असतील तर अनोळखी माणसाशी गप्पा हा सराव तुमच्यासाठी वेगळ्या हिशोबाने, मेस, ऑफिस, वर्ग अशा ठिकाणीच. आणि ज्यांना मुळात दोन मित्र आणि एक पुस्तक पुरतं त्यांनी स्वतःला दुरुस्त करायच्या फंदात पडू नये, पण तू तसा नाहीस, तू गावच्या पाराबद्दल एवढा मोठा पॅरा लिहिलायस.

गावी परत जायचं का? लातूरला जाऊन काम करणं हा हलका पर्याय आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, काही जण जातात आणि मजेत असतात. पण आत्ता तू पुण्याबद्दल जे ठरवतोयस ते डेस्क, रूम आणि मोबाईल एवढ्यावरून ठरवतोयस. पाच-सहा महिने टेबलावर जेव, एक ठिकाण दर आठवड्याला धर, मग दिवाळीला घरी गेलास की वडिलांशी बोल. तेव्हाही जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही.

झोपेबद्दल मात्र तू काहीच लिहिलं नाहीस. रात्री किती वाजता डोळा लागतो, मधे जाग येते का, सुट्टीच्या दिवशी लोळतोस म्हणजे झोपतोस की नुसता पडून असतोस, हे कळव. त्यावरून वर सांगितलेल्यातलं आधी काय करायचं ते बदलू शकतं.